कशाला हात लावला होता?

भांडी घासता घासता हाताला खाज सुटली तर ती खाजवायची सोय नसते. बोटं फेसानं आणि खरकट्यानं भरलेली असतात. मग हाताची पाठ कमरेच्या पदरावर, नाहीतर ओट्याच्या कडेवर दोनदा घासली जाते, आणि तोवर दुसऱ्या हातात पुढचं पातेलं आलेलं असतं. ही हालचाल इतकी अंगवळणी पडलेली असते की करणारीला ती केल्याचं भान नसतं आणि पाहणाऱ्याला त्यात पाहण्यासारखं काही वाटत नाही. बोरगाव मेघेसारख्या वस्तीत अशा हालचालींकडे थोडं थांबून पाहायला हवं. हे गाव वर्ध्याला इतकं चिकटलेलं आहे की शहर कुठं संपलं ते नवख्याला सांगता येणार नाही. नावात गाव, जनगणनेच्या दप्तरात नगर, आणि वस्ती मागं पडली की पऱ्हाटीची नि तुरीची वावरं. शहराच्या अशा काठावर एकाच हाताला वर्षभरात दोन-तीन जन्म जगावे लागतात. आज दुसऱ्याच्या घरची भांडी, उद्या बांधकामावरची घमेली, दिवाळीच्या मागं-पुढं कापसाची वेचणी. हाताची खाज समजून घ्यायची तर हे सगळे जन्म एकत्र धरून विचार करावा लागतो. तसा तो सहसा होत नाही.

होतं असं की खाज सुटली की पहिला प्रश्न पडतो तो ‘काय लावू?’ हा. खोबरेल लावू, हळद लावू, कडुलिंबाचा पाला वाटून लावू, की मेडिकलमधून ट्यूब आणू? घरातलं वडीलधारं माणूस काहीतरी सांगतं, शेजारीण दुसरं सांगते, मेडिकलवाला तिसरं देतो. ‘कशाला हात लावला होता?’ हा प्रश्न विचारलाच तर सगळ्यांत शेवटी. माझं म्हणणं एवढंच, की या दोन प्रश्नांचा क्रम उलटा झाला आहे, आणि हाताच्या खाजेवरचे निम्मे उपाय फसतात ते त्यामुळे. पोटाचं किंवा छातीचं दुखणं आतून येतं. हाताचं बहुतेक वेळा बाहेरून, वस्तूंच्या मार्फत येतं. बर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्यानं १७०० साली कामगारांच्या आजारांवर एक ग्रंथ लिहिला. त्यात त्यानं वैद्यांना सुचवलं, की जुन्या आचार्यांनी रोग्याला जे प्रश्न विचारायला सांगितले आहेत त्यांत आणखी एकाची भर घाला: तू काम काय करतोस? धोबिणींवर त्या ग्रंथात वेगळं प्रकरण आहे. तीनशे वर्षं उलटून गेली, तरी गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात हा प्रश्न विचारायला डॉक्टरला वेळ मिळेलच असं नाही, आणि ‘घरीच असते’ असं उत्तर मिळाल्यावर तो वही मिटतो. घरी असणं हे हाताच्या दृष्टीनं सगळ्यांत जड काम असतं, हे कुणाच्या लक्षात येत नाही.

जड कशानं, तर पाण्यानं. पाण्यासारखी निरुपद्रवी वस्तू खाजेला कारण कशी होईल, असं कुणालाही वाटेल. कातडीचा सर्वांत वरचा थर मेलेल्या, चपट्या पेशींचा असतो आणि त्या पेशींच्या मधल्या जागा स्निग्ध पदार्थांनी भरलेल्या असतात. हात पुन्हा पुन्हा भिजला आणि सुकला की ही स्निग्धता थोडी थोडी धुऊन जाते. साबण त्यात भर घालतो. निरोगी कातडीचा पृष्ठभाग किंचित आम्ल असतो, सामू सुमारे ५. साध्या साबणाचा सामू ९ ते १०. तळहाताला तेलग्रंथीच नाहीत, त्यामुळे गेलेला तेलकटपणा तो स्वतःहून भरून काढू शकत नाही. बोटांच्या बेचक्यांत आणि हाताच्या पाठीवर कातडी पातळ, तिथं नुकसान लवकर दिसतं. अंगठीखाली आणि घट्ट बांगड्यांखाली साबणाचं पाणी अडून राहतं, म्हणून कित्येकींची खाज नेमकी अंगठीच्या जागेवरून सुरू होते आणि दोष सोन्यातल्या भेसळीवर जातो. कधी तो खराही असतो; निकेलची ॲलर्जी असते. पण आधी संशय साबणाचा घ्यावा. जुन्या राखेची आठवण काढून उसासे टाकण्यातही अर्थ नाही. राखही अल्कधर्मीच, आणि तिनंही पिढ्यान्‌पिढ्या बायकांच्या बोटांना भेगा पाडल्या. करोनाच्या काळात साऱ्या जगानं तासातासाला हात धुतले तेव्हा, ज्यांना आयुष्यात कधी भांडी घासावी लागली नव्हती अशा लोकांचेही हात कोरडे पडून खाजू लागले. मोलकरणीच्या हाताचा अनुभव काही महिन्यांसाठी सगळ्यांच्या वाट्याला आला आणि ओसरलाही.

इथं एक आक्षेप ठरलेला. तोच साबण, तेच पाणी, चाळीतल्या दहाजणी वापरतात. खाज एकीलाच का? म्हणजे दोष तिच्या कातडीचा. या आक्षेपात तथ्य नाही असं नाही. ज्यांच्या घरात दमा, सर्दीची ॲलर्जी, लहानपणचं इसब असा वारसा असतो त्यांच्या कातडीचा बांध मुळातच कच्चा असू शकतो, आणि तो कच्चेपणा जन्मजात असतो. पण यातून निष्कर्ष काय काढायचा? कातडी बदलता येत नाही, साबण बदलता येतो. दहाजणींपैकी एकीची सहनशक्ती आधी संपली, एवढंच तिच्या खाजेतून सिद्ध होतं. बाकी नऊजणींचे हात सुखात आहेत असं नाही. शिवाय ॲलर्जीची एक खोड अशी, की वर्षानुवर्षं सोसलेली वस्तू एक दिवस अचानक सोसेनाशी होते. ‘वीस वर्षं हेच वापरतेय, मग आताच कसं?’ हा बिनतोड वाटणारा युक्तिवाद म्हणून टिकत नाही. दुसरी खोड त्याहून चकवणारी: स्पर्शानं होणारी ॲलर्जी स्पर्शाच्या क्षणी उठत नाही, दिवस-दोन दिवसांनी उठते. आजची खाज परवाच्या कामाची असते आणि आपण आजच्या भाजीला दोष देऊन मोकळे होतो. मोठ्या रुग्णालयांच्या त्वचारोग विभागांत यासाठी पाठीवर संशयित पदार्थांच्या पट्ट्या लावतात, ४८ तासांनी काढतात आणि पुढंही दोन दिवस नजर ठेवतात. नुसत्या आठवणीवर विसंबून हा गुन्हेगार सापडत नाही.

स्पर्श आणि खाज यांच्यातला हा दुवा किती लांबवर जाऊ शकतो हे पाहायचं तर वर्धा जिल्ह्यात कापसाकडेच वळावं लागतं. हिंगणघाटच्या कापसाचं नाव एकोणिसाव्या शतकापासून गाजतंय, आणि गांधींच्या चरख्यामुळे तर इथल्या कापसाला हात लावणं हे एक प्रकारचं पुण्यकर्म झालं. पण पऱ्हाटी हे काही मऊ झाड नाही. उकललेल्या बोंडाच्या पाकळ्या वाळून टोकदार होतात आणि वेचणारीच्या नखांच्या कडा ओरबाडतात. पानांवर लव असते. ज्या वाणांना ती दाट असते त्यांना तुडतुड्यांचा त्रास कमी, म्हणून शेतीला ती हवीशी. हंगामाच्या शेवटी पानं वाळली की तीच लव चुऱ्यासारखी उडते, घामेजल्या हाताला चिकटते. वर फवारणीचा अंश. यांतलं नेमकं काय खाजवतंय हे वेगळं काढणं कठीण, म्हणून बीटी कापूस आल्यावर खाजेचा सगळा ठपका त्याच्यावर ठेवणारेही निघाले आणि तो झटकणारेही. अलीकडच्या वर्षांत यात एक नवी तक्रार आली. २०२१-२२च्या हंगामात कापसाला क्विंटलला दहा हजारांच्या वर भाव मिळाला. पुढच्या हंगामात भाव उतरला, तेव्हा ‘आज ना उद्या चढेल’ म्हणून विदर्भ-खानदेशात शेतकऱ्यांनी कापूस विकला नाही, घरात भरून ठेवला. घर ते केवढं. ज्या खोलीत कापूस, तिथंच झोपणं. उन्हाळा लागला तशी घरातल्यांच्या हातांना, अंगाला खाज सुटू लागली.

तळहाताला खाज सुटली की पैसा येतो, असं म्हणतात. इथं पैसा येण्याची वाट पाहता पाहता खाज आली. तिची कारणं एकाहून जास्त असणार: धूळ, वाळक्या पानांचा चुरा, लव. पण संशयितांत एक फार बोलका आहे. गुलाबी बोंडअळी सरकीत शिरून राहते, आणि अळ्यांवर जगणारा, साध्या डोळ्यांना न दिसणारा, कोळ्याच्या वर्गातला एक जीव आहे. शास्त्रज्ञ त्याला पायमोटीस म्हणतात. गवताच्या गंजी, धान्याची पोती, सरकी हाताळणाऱ्या मजुरांना तो चावतो, हे जगभर जुनं ठाऊक आहे. माणसाच्या अंगावर तो वस्ती करत नाही. वस्तूपासून दूर गेलं की काही दिवसांत खाज शमते. आता ही साखळी पाहा. २००६ साली दोन जनुकांचं बीटी बियाणं आलं, बोंडअळीचा बंदोबस्त झाला असं वाटलं. अळीनं प्रतिकार कमावला आणि २०१७ साली विदर्भात गुलाबी बोंडअळीनं हंगाम खाल्ला. अळी सरकीत, सरकी कापसात, कापूस घरात, आणि घरात का, तर बाजारात भाव नाही. अशा खाजेवर मलम चोळणाऱ्या डॉक्टरचं काही चुकत नाही, पण तो साखळीच्या शेवटच्या कडीला तेल घालत असतो. कापूस वेगळ्या कोठ्यात ठेवता आला, झोपायची जागा तिथून हलवता आली, तर ट्यूब लागणारही नाही. ‘हलवायला दुसरी खोली आहे कुठं?’ हा प्रतिप्रश्न बरोबर आहे. फक्त तो त्वचेबद्दलचा नाही, हे मान्य करायला हवं.

कुणी म्हणेल, हे सगळं ठीक, पण कारण सापडूनही उपयोग काय? गवंड्यानं सिमेंट सोडायचं का? वेचणारीनं कापूस सोडायचा? या आक्षेपाचं मला सापडलेलं सगळ्यांत चांगलं उत्तर सिमेंटमध्येच आहे. ओलं सिमेंट तीव्र अल्कधर्मी, ते हात भाजतंच. पण त्यात क्रोमियमचा एक विद्राव्य क्षार अत्यल्प प्रमाणात असतो, आणि त्याची ॲलर्जी जडली की मिस्त्रीच्या हातांना वर्षानुवर्षं खाज, भेगा, पाणी सुटणं. एकदा जडली की ती सहसा जात नाही. कित्येकांना धंदा सोडावा लागतो. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला डेन्मार्कनं सिमेंटमध्ये थोडं हिराकस मिसळायला सुरुवात केली. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट, रक्तवाढीच्या लोहगोळ्यांत असतं तेच. त्यानं क्रोमियमचं रूप बदलतं आणि ते कातडीत शिरेनासं होतं. तिथल्या बांधकाम मजुरांमधली ही ॲलर्जी पुढच्या वर्षांत स्पष्टपणे घटली. २००५पासून युरोपीय संघानं नियमच केला: सिमेंटमध्ये असं क्रोमियम दहा लाख भागांत दोन भागांपेक्षा जास्त नको. गवंड्यानं काम सोडलं नाही, मलमही बदललं नाही, सिमेंटच बदललं. हाताच्या खाजेच्या इतिहासात याहून मोठा उपाय मला माहीत नाही, आणि तो कुठल्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर लिहिलेला नव्हता.

वर्ध्यात बसून हातांविषयी लिहायचं आणि न खाजणाऱ्या हातांचा विषय काढायचा नाही, हे जमणार नाही. १९३६ साली मनोहरजी दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठरोग्यांच्या सेवेचं काम उभं केलं. पुढं सेवाग्रामात कुष्ठरोग झालेले परचुरे शास्त्री आले. गांधी स्वतः त्यांना मालिश करत. १९५१ साली गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानही वर्ध्यातच सुरू झालं. कुष्ठाचा चट्टा सहसा खाजत नाही. म्हणून तर तो दुर्लक्षित राहतो. मज्जातंतू बधिर होतो, चुलीवरचं भांडं उचलताना हात भाजतो आणि माणसाला त्याचा पत्ता नसतो. इथल्या कार्यकर्त्यांनी लोकांना घरोघर शिकवलं ते हेच, की ज्याला खाज नाही, संवेदना नाही, त्या डागाची आधी काळजी करा. या शेजारामुळे खाजेकडे पाहायची माझी तरी दृष्टी थोडी बदलते. खाजणारा हात तक्रार करतोय, म्हणजे तक्रार पोचवणारी तार शाबूत आहे. अर्थात, रात्रभर न झोपलेल्या माणसाला हे ऐकवू नये.

रात्रीवरून आठवलं, सगळीच खाज कामाची नसते, आणि माझ्या म्हणण्याची हद्दही सांगायला हवी. बोटांच्या बेचक्यांत, मनगटाच्या आतल्या बाजूला खाज, ती रात्री वाढणारी, आणि घरात आणखी कुणालातरी तीच तक्रार: ही बहुतेक खरूज. तिचा किडा त्वचेत बोगदा करून अंडी घालतो. पहिल्यांदा लागण झाली की चार ते सहा आठवड्यांनी खाज सुरू होते, म्हणून ‘कुणाकडून आली’ हे भांडण व्यर्थ. परमेथ्रिनचं ५ टक्क्यांचं मलम गळ्यापासून तळपायापर्यंत, घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं, आठवड्यानं पुन्हा, अंथरूण-कपडे गरम पाण्यानं धुऊन. नुसत्या हातांना लावलं की ती फिरून येते. किडे मेल्यावरही दोन-चार आठवडे खाज रेंगाळते. औषध लागू पडलं नाही असं समजून लोक तेच मलम रोज फासतात आणि त्यानंच आग होते. आता हीसुद्धा स्पर्शाचीच गोष्ट आहे, फक्त वस्तूऐवजी माणसाच्या, एका अंथरुणाच्या. खरा अपवाद आतल्या आजारांचा. मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड यांच्या बिघाडातही खाज येते. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत पुरळ काहीच नाही आणि तळहात-तळपाय मात्र रात्री खाजताहेत, तर ते पित्त साचण्याचं लक्षण असू शकतं, बाळाला धोका असतो. तिथं ‘पोटात बाळाला केस येताहेत’ अशा समजुती बाजूला ठेवून त्याच दिवशी रक्त तपासावं. सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगीचं विनोबा भावे रुग्णालय ही दोन मोठी रुग्णालयं बोरगावहून जवळ आहेत, ही इथल्यांची खरी श्रीमंती.

आणि ट्यूब? ‘लावली की लगेच बरं वाटतं’ हा तिच्या बाजूचा सगळ्यांत जोरकस पुरावा, आणि नेमका तोच फसवा. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या कित्येक मलमांत जोरदार स्टिरॉइड, जंतुनाशक आणि बुरशीनाशक एकत्र कालवलेलं असतं. स्टिरॉइड दोन दिवसांत खाज दाबतं. खाली गजकर्ण असेल तर ते मजेत पसरतं आणि रूप बदलून अशा अवस्थेत डॉक्टरसमोर येतं की त्यालाही ओळखू येत नाही. २०१८ साली सरकारनं अनेक स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत अशा यादीत घातली. यादी आणि काउंटर यांच्यातलं अंतर आपण जाणतो. तरी स्टिरॉइडला शिव्या घालणाऱ्यांच्या गटातही मला बसायचं नाही. तळहाताच्या जाड कातडीवरचं इसब त्याच्याशिवाय सहसा आटोक्यात येत नाही. निदान नीट असावं, मुदत ठरलेली असावी, एवढंच. खाजवण्याबद्दलही उपदेश फार होतो. नखानं झालेली वेदना क्षणभर खाजेला झाकते, म्हणून सुख वाटतं. पण ओरबाडलेली कातडी पुन्हा जास्त खाजते, आणि महिनोन्‌महिने तेच चाललं की जागा जाड, काळपट होते. ‘खाजवू नको’ असं सांगण्यापेक्षा गार पाण्याची पट्टी ठेवायला सांगावं, नखं कापायला सांगावीत. हात धुऊन ओलसर असतानाच साधी व्हॅसलिन किंवा खोबरेल चोळलं, दिवसातून चार-पाच वेळा, तर स्वस्तातला सर्वांत मोठा गुण येतो. भांड्यांसाठी रबरी हातमोजे, आत सुती मोजे, कारण नुसत्या रबरात घाम साचून तीच गत होते. कडुलिंबाचा पाला सोललेल्या कातडीवर झोंबतो. लसणाचं तर विचारूच नका.

हातमोज्यांची ही सूचना घरकामाला कशीबशी लागू पडते. मोज्यांना पैसे पडतात, आणि ते मालकिणीनं द्यायचे की कामवालीनं, हा प्रश्न कुठल्याही सोसायटीत सहसा कुणी काढत नाही. कापसाच्या वावरात मात्र ती अडते. बोंडातून कापूस काडीकचरा न लागता एका ओढीत उचलणं ही उघड्या बोटांची कला. जाड मोजा घातला की वेग पडतो. वेचणीची मजुरी किलोवर. म्हणजे हात वाचवायचा तर मजुरी कमी, मजुरी वाचवायची तर हात. सकाळच्या गारव्यात पानं थोडी दमट असतात, चुरा कमी उडतो, तेव्हा वेचणं बरं; पण वावर मोठं आणि दिवस छोटा. वेचणाऱ्या बायका साडीवर घरातल्या पुरुषाचा जुना, लांब बाह्यांचा शर्ट घालतात. उन्हासाठी, लवेसाठी, किड्यांसाठी. हा कुणी शिकवलेला उपाय नाही, कशाला हात लागतो हे ठाऊक असलेल्यांनीच तो काढला. शर्टाची बाही मनगटाशी संपते. तिथून पुढच्या उघड्या हाताचं काय करायचं, ते शेतकरी, मजूर आणि कापसाचा भाव ठरवणारे यांच्यात अजून बोललं गेलेलं नाही.